चरखीचे बुश

गगनबावडा,
ता. ९ डिसेंबर १९५५

चि. वसंत यास नृसिंहचे अ. उ. आशीर्वाद वि. वि.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले. मनात काय आहे ते पुढं वाच.

दिवाळीत वडिलांची मासे धरायची विलायती चरखी तुझ्या कारखान्यात ठेवली ती कशासाठी? उघडायची, रॉकेलनं धुवायची, कण्याच्या दोन्ही टोकांच्या कड्या, ते झिजलेले बुश, काढून तसेच नवे कातून बसवायचे. काम एवढंच होतं. मी सांगत होतो तेव्हा तू मान डोलवत होतास. आणि केलंस काय? बुश काढून टाकलेस आणि मुंबईहून आणलेली बॉल बेअरिंग बसवलीस. वर चिठ्ठी, की दादा, आता नुसती फुंकर मारली तरी फिरते. अरे, फुंकरीनं फिरायला ती काय जोतिबाच्या जत्रेतली भिंगरी आहे?

रविवारी कुंभीच्या डोहावर गेलो. आमच्या शाळेतले दोन मास्तर आणि कचेरीत नवे आलेले साहेब बरोबर होते, त्यांना गळ कसा टाकतात ते बघायचं होतं. काठी फिरवून गळ सोडला. गळ पाण्यात पडला तरी फिरकी थांबेना. आतली दोरी भसाभसा उसळून बाहेर आली आणि तिचा असा गुंता झाला की शेवटी सगळी कापून टाकावी लागली. साहेब हसले. मग साहेब हसले म्हणून मास्तरही हसले. मान खाली घालून घरी आलो.

वडिलांनी सारी हयात याच चरखीवर खडस मासे काढले. त्यांना बुश कधी कमी पडले नाहीत. तुला कुणी शहाणपण सांगितलं होतं? जुने बुश भंगारात घातले नसतील तर लगेच पाठव.

शालूला आणि मुलांना आशीर्वाद. लोभ तुझ्याकडं असेल तर असू दे, माझ्याकडचा सध्या संपला आहे.

नृसिंह

कोल्हापूर,
ता. १३ डिसेंबर १९५५

ती. दादांस वसंतचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इतक्या मोठ्यानं लिहिलंय की शेजारच्या फौंड्रीतसुद्धा ऐकू गेलं असेल.

बुश का काढले ते सांगतो. दिवाळीत आपण रंकाळ्यावर बसलो होतो, तेव्हा चरखी गुंडाळताना तुमचा उजवा हात अडखळत होता. मी विचारलं, तर बुश घासलेत म्हणालात. मी चरखी उघडली. आत ग्रीसचं मेण झालं होतं, ते धुतलं. बुश झिजून अंडाकृती झाले होते हे खरं, पण धुतल्यावर चरखी जुन्या बुशावरच हलकी चालायला लागली की. म्हणजे जड चरखी नव्हती, हात जड होता. हाताला सोपं जावं म्हणून बेअरिंग घातली. यात मी कुणाचं घोडं मारलं?

आता माझं ऐका. चरखी कितीही मोकळी फिरू दे, गळ पाण्याला टेकताना फिरकीवर अंगठा दाबायचा असतो. हे मला तुम्हीच शिकवलंय, तेसुद्धा टाळक्यात टपल्या मारून. मग रविवारी तुमचा अंगठा काय करत होता? झोपला होता काय? चार माणसांत फजिती झाली म्हणून खापर माझ्या माथी फोडायचं हे चालणार न्हाय.

बुश माझ्या खणात आहेत. आधी अंगठ्याचं उत्तर द्या, मग बुश मागा. वहिनींना नमस्कार. तुमच्या रागावर माझा हक्क आहे, तो तेवढा दुसऱ्या कुणाला देऊ नका.

वसंत

गगनबावडा,
ता. १७ डिसेंबर १९५५

चि. वसंतभावजींस कालिंदीचे आशीर्वाद वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. अंगठा झोपला होता काय, असं तुम्ही विचारलंत. ते वाचून हे उठून परसात जाऊन बसले, जेवायलासुद्धा आत आले नाहीत.

भावजी, अंगठा खरंच झोपला आहे. हे म्हणतात की दाबला होता, पण किती दाबला ते कळलं नाही. घरी आले तेव्हा बाही रक्तानं भिजली होती. दोरीनं अंगठ्याचं सालटं काढून मांस उघडं पडलं होतं आणि यांना त्याचा पत्ता नाही. मी ओरडले तेव्हा यांनी हाताकडं पाहिलं.

मनगटावर एक फिका चट्टा आहे. उन्हाळ्यापासून लांब बाह्यांचे सदरे चालले आहेत ते त्यासाठीच. ताट वेगळं मांडतात, तांब्या वेगळा, अंथरूण ओसरीवर. धाकटी लेक जवळ आली तर तिला हाकलतात. मला सांगतात की पित्त उठलंय. मी काय दूधखुळी आहे? महारोग हा शब्द या घरात कुणी उच्चारलेला नाही, आज मीच पहिल्यांदा लिहिते आहे. कळलं तर शाळेतली नोकरी जाईल, गाव विहिरीवर येऊ देणार नाही, ही यांची भीती. मला रोगाचा राग नाही. इतकी वर्षं एका चुलीवरचं खाल्लं आणि ताट मात्र मला न विचारता वेगळं केलं, याचा मला फार राग आहे.

तुमचं ऐकतील तर ऐकतील. शालूबाईंना माझी आठवण सांगा आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

कालिंदी

कोल्हापूर,
ता. २० डिसेंबर १९५५

ती. दादांस न. वि. वि.

नमस्कार लिहायला हात उठत नव्हता. वहिनींनी सगळं कळवलंय. त्यांच्यावर आवाज चढवलात तर गाठ माझ्याशी आहे.

चरखी अडखळली तर ती कोल्हापूरला धाडता आणि हात अडखळला तर बाहीत लपवता? चरखीचे बुश बदलता येतात, दादा. हाताला बुश न्हाईत. मास्तर तुम्ही, पोरांना आरोग्याचा धडा शिकवता, आणि स्वतः वैद्याचं तोंड बघितलं न्हाय. माझ्या अंगाची नुसती आग होतेय.

इथल्या डॉक्टरांना मी तुमचं नाव न घेता विचारलं. आता त्यावर गोळ्या निघाल्यात. बरीच वर्षं घ्याव्या लागतात, पण माणूस बरा होतो. बोटं धड आहेत तोवर आणा म्हणाले. ताटाला ताट लागून हा रोग होत न्हाय, हेही त्यांनी मला तोंडावर सांगितलं. म्हणजे घरातल्या घरात तुम्ही स्वतःला वाळीत टाकलंत ते फुकटच.

सोमवारच्या गाडीनं या. न आलात तर मी येतो आणि भर शाळेतून उचलून आणतो, मग सगळ्या बावड्याला कळू दे. या पत्राला उत्तर नको, तुम्ही पाहिजे.

वसंत

गगनबावडा,
ता. २१ फेब्रुवारी १९५६

चि. वसंत यास अ. आ. वि. वि.

तुझ्या त्या डॉक्टरनं टाचण्या टोचून टोचून माझी चाळण केली, ते मी विसरलेलो नाही. गोळ्या घेतो आहे. अंगठ्याची जखम भरली. शाळेनं रजेवर बसवलंय. डॉक्टरांचा दाखला दिला आहे आणि भांडतो आहे. दोन पालक घरी येऊन बसून चहा पिऊन गेले, बाकीचे रस्ता बदलतात.

चरखीचं म्हणशील तर बेअरिंग काढून गनमेटलचे नवे बुश चांगले घट्ट बसवलेस, फिरकी आता सुटत नाही. पण वर तू चपलेच्या कातड्याची ती पट्टी मारलीस, तळहातानं दाबून फिरकी थांबवायची म्हणून, ती मला पहिल्या दिवशी बघवेना. माझ्या अंगठ्याच्या जागी जनावराचं कातडं. काढून फेकणार होतो. कालिंदीनं चरखीच उचलून कपाटात ठेवली आणि किल्ली कनवटीला लावली. पट्टी काढणार नाही असं चार दिवसांनी कबूल केलं, तेव्हा कुठं किल्ली मिळाली.

शेवटी रविवारी डोहावर गेलो, एकटाच. पट्टी करकरते, पण धरते. चांगला खडस लागला. कंडक्टर पिराजीबरोबर मीठ लावून पाठवला आहे. मासा मी कापला, मीच धुतला, याच हातानं. कालिंदीला हात लावू दिला नाही. हे मुद्दाम कळवतो. खावासा वाटला नाही तर पंचगंगेत सोड, पण खाल्ला म्हणून खोटं लिहू नकोस.

लोभ किती आहे ते यावरून समजेल.

नृसिंह

कोल्हापूर,
ता. २४ फेब्रुवारी १९५६

ती. दादांस,

मासा पोचला. मीठ बेसुमार, खवलं निम्मी तशीच. डोकं कुणी खायचं यावरून घरात भांडण झालं, ते शालूनं जिंकलं. रस्सा संपवायला तिला दुसऱ्यांदा भाकरी थापाव्या लागल्या. आमची असली परीक्षा पुन्हा घेतलीत तर चरखी जप्त करीन.

वहिनींचं कार्ड कालच आलं. तुमचं ताट अजून वेगळंच मांडता म्हणे. तुमच्या हातचा मासा माझ्या पोरांच्या पोटात गेलाय, दादा. आता वहिनींच्या शेजारी पाट मांडायला तुम्हाला काय झालंय? आज त्यांच्या ताटात जेवा आणि मग मला पत्र लिहा.

तोवर माझा नमस्कार तुम्हाला न्हाय, फक्त वहिनींना.

वसंत