हिमघराचा तिसरा मजला

कलकत्ता, ९ एप्रिल १९५२

पुण्याहून निघताना सगळ्यांनी माझी कीव केली होती. एप्रिलात कलकत्त्याला जाणं म्हणजे स्वतःला वाफवून घेणं, असं मावशीचं मत. आणि आज दुपारी सगळं शहर पंख्याखाली आडवं झालेलं असताना मी मेंढीच्या कातड्याचा कोट घालून तोंडातून वाफ सोडत उभा होतो. एवढ्या मोठ्या शहरात इतकी गार नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली नसेल.

एस्प्लनेडहून ट्राम धरून खिदिरपूरला आलो. गोदीच्या मागे, रस्त्यावरून नुसती एक बसकी इमारत दिसते. खरा पसारा जमिनीखाली आहे. वर थंडी तयार करणारी अमोनियाची यंत्रं, त्याखाली पहिल्या मजल्यावर बटाटे आणि अंडी, दुसऱ्यावर लोणी आणि हिल्सा मासे. तिसरा मजलाही आहे, पण तिथे फार वर्षांपूर्वी पाणी शिरलं म्हणून तो बंद. हे सगळं एका ठेकेदारानं बांधलं होतं, आता ते सरकारी अन्नखात्याकडे आहे, आणि यंत्रांची देखरेख माझ्याकडे. इथले लोक त्याला हिमघर म्हणतात. शब्द मला आवडला.

साहेब मराठी निघाले, ही आणखी एक चैन. दत्तात्रय सबनीस, तिसऱ्या पिढीचे कलकत्तेकर. ठेकेदाराच्या काळापासून ते इथेच आहेत. हसरे, स्थूल, धोतरावर कोट. माझी पेटी त्यांनी स्वतः उचलून आवारातल्या खोलीत नेऊन ठेवली.

१३ एप्रिल

रविवार. सबनीसांच्या भवानीपूरच्या घरी जेवायला गेलो. श्रीखंड होतं. साहेब विधुर आहेत, घरात मुलगी सुनीती आणि एक स्वयंपाकीण. सुनीती रसायनशास्त्राची पदवीधर. आमच्याच खात्यात माशांचे आणि लोण्याचे नमुने तपासते. वय तिशीच्या आतलं, बोलणं फटकळ. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी बंगाली वळणाची. मला म्हणाली, "पाणी खाणार का?" मी हसलो तर म्हणाली, कलकत्त्यात पाणी खातातच, वर्षभरात तुम्हीही खायला लागाल.

साहेबांनी आपुलकीनं घरची चौकशी केली. आईवडील नाहीत, लग्न नाही, एक मावशी आहे आणि तिलाही पत्र लिहायचा मला कंटाळा, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्या पानात आणखी श्रीखंड वाढलं.

१९ एप्रिल

एक चमत्कारिक गोष्ट. दुरुस्तीसाठी दोन दिवस यंत्रं बंद ठेवली. दुसऱ्या मजल्यावरचा पारा चढायला हवा होता, तो उतरला. थंडी नळ्यांतून येत नाही, खालून येते. तिसऱ्या मजल्याच्या जिन्याला तळाशी जाड लोखंडी दार आहे, बाहेरून अडसर. त्या दाराच्या फटीतून बर्फ बाहेर आला आहे. साधं दंव नव्हे. पांढरी, बोटाबोटांसारखी वाढ, आणि ती पायऱ्या चढते आहे.

हमालांनी दुसऱ्या मजल्यावर उतरायला नकार दिला. राघवन गेला तेव्हाही असंच झालं होतं, असं ते आपापसांत बोलत होते. राघवन माझ्याआधीचा माणूस, मद्रासचा. साहेबांना विचारलं तर म्हणाले, त्याला हवा मानवली नाही, तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला, तेव्हापासून जागा रिकामीच होती.

२४ एप्रिल

बर्फ जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आला. लोण्याच्या खोक्यांच्या दोन रांगा त्यानं गिळल्या. साहेब दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी खोलीवर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, उद्या सकाळी खाली जाऊन पाणी कुठून शिरतं ते पाहून या, मी स्वतः दाराशी उभा राहीन. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बिचाऱ्यांना माझी काळजी वाटते आहे.

२५ एप्रिल, खाली

शाई गोठली. पेन्सिलीनं लिहितो आहे. नीट क्रमानं लिहायला हवं, नाहीतर डोकं ठिकाणावर राहणार नाही.

सकाळी साहेबांनी अडसर काढला. मी कंदील घेऊन आत आलो. तेवढ्यात वर त्यांना टेलिफोनसाठी कुणीतरी हाक मारली आणि ते जिना चढून गेले. ते गेल्यावर सुनीती आली, हातात नमुन्याच्या बाटल्या. माशांना येणारा वास या बर्फातून येतो का ते तिला पाहायचं होतं. वडील परवानगी देणार नाहीत म्हणून तिनं विचारलंच नव्हतं.

आत पाणी नाही. कधीच नव्हतं. छतापर्यंत तांदळाची पोती आहेत, दगड झालेली. पलीकडची भिंत ढासळली आहे आणि भिंतीमागे माती असायला हवी तिथे मैदान आहे. बर्फाचं. कंदिलाचा उजेड पोचेल तिथवर उंचवटे, घळी, वरून लोंबणारी झाडांची गोठलेली मुळं. वारा वाहत होता. जमिनीखाली वारा. आम्ही दोघं नुसते पाहत राहिलो.

मग मागे दार लागलं.

मी धावत जाऊन दार ठोकलं. साहेबांचा आवाज पलीकडून आला, ऑफिसात बोलतात तसाच, मऊ. मला माफ करा म्हणाले. म्हणाले की बर्फ वर यायला लागला की एक जिवंत माणूस द्यावा लागतो, मग काही वर्षं तो शांत असतो. राघवनच्या आधीही एक होता. माझी बदली त्यांनीच मागून घेतली होती. माझ्यामागे फारसं कुणी रडणारं नाही, हे त्यांनी श्रीखंड वाढताना पक्कं करून घेतलं होतं.

सुनीती माझ्या शेजारी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मग शांतपणे म्हणाली, "बाबा, मी पण आत आहे."

पलीकडे पावलं वाजली. जिना चढून वर जाणारी.

२६ एप्रिल असावी

घड्याळ बंद पडलं. सुनीती म्हणते, ते माणसं आणायला गेलेत, अडसर गोठला असेल.

जुनी खोकी फोडून शेकोटी केली. पोत्यांच्या आडोशाला बसलो आहोत. माझा कोट दोघांत. एक पोतं फाडून तांदूळ काढला, बर्फ वितळवून एका डब्यात शिजायला ठेवला. मी तिला विचारलं, एवढा तांदूळ इथे कुणी ठेवला. तिनं सांगितलं, त्रेचाळीसच्या दुष्काळाच्या साली इथे ठेकेदाराचं धान्य असायचं. भाव चढेपर्यंत. त्या साली खेड्यापाड्यांतून माणसं शहरात यायची आणि दारोदार फॅन मागायची. फॅन म्हणजे भाताची पेज. भात मागायची त्यांची हिंमत नव्हती. सुनीतीची आई रोज मागच्या दारी पेजेचं पातेलं ठेवायची. त्याच पावसाळ्यात एक दिवस बाबा घरी येऊन म्हणाले होते की तिसऱ्या मजल्यावर पाणी शिरलं, तो आता बंद.

भात शिजला. त्याचा वास मैदानावर पसरला.

तेव्हा ती सगळी दिसली.

नंतर

माणसं आहेत. भिंतीच्या भगदाडापलीकडे, बर्फात उभी. बाया, म्हातारे, कडेवर पोरं. फाटकी वस्त्रं, हातात पत्र्याची भांडी. शंभरेक असतील, जास्तही. तांदळाच्या वासानं आत शिरली असतील आणि कुणीतरी दार लावून घेतलं असेल. कुणी, ते आम्हा दोघांना कळलं.

सगळ्यांत पुढे मेंढीच्या कोटातला एक माणूस आहे. कोट माझ्यासारखाच, सरकारी. राघवन असणार. त्याच्या पापण्यांवर बर्फ आहे. डोळे उघडे.

आधी मला वाटलं ती सगळी मेलेली आहेत. कंदिलाची वात खाली केली आणि पुन्हा वर केली. राघवन भगदाडाच्या अलीकडे आला होता.

तारीख माहीत नाही

साहेब दाराशी आले होते. रडत होते. सुनीती दाराला तोंड लावून बोलली. ते म्हणाले, दार उघडलं तर ती सगळी वर येतील, गोदीत येतील, वस्तीत येतील, बेटा, मी काय करू. तिनं मागे वळून पाहिलं. खरंच, आम्ही दाराशी उभे होतो तेवढ्या वेळात ती माणसं पोत्यांपर्यंत आली होती.

सुनीती दारापासून स्वतःहून बाजूला झाली. मी तिला म्हटलं, बोलत राहा, ते विरघळतील. ती म्हणाली, विरघळतीलच, म्हणून बोलत नाही.

मला तिचा राग आला. तिची वस्ती, तिचे वडील. माझं इथे कोण आहे?

तारीख नाही

शेकोटीशिवाय मरू, आणि शेकोटीकडे ती येतात. म्हणून तिथून निघालो. मैदानात नदीच्या अंगाला वाट असेल, असं सुनीतीचं म्हणणं. नदी पश्चिमेला. इथे पश्चिम कुठली?

बर्फ कधी काचेसारखा, कधी गुडघ्यापर्यंत भुसभुशीत. एक घळ रांगत पार केली. डोक्यावर, बर्फात अडकलेला, एका होडीचा तळ दिसला. म्हणजे आम्ही नदीखाली आहोत. वर नावाडी घाम पुसत असतील.

बर्फानं वरून गिळलेलं लोणी इथे सापडलं, तेच खातो. कच्चा तांदूळ चघळतो. तिच्या पायाची बोटं काळी पडली. बुटातून पाय काढला तर दोन बोटं बुटातच राहिली. ती रडली नाही. ओठांना ओठ चिकटत होते, मधूनच म्हणाली, पाणी खायचंय.

वाट नाही. जिथे जाऊ तिथे पुढे तीच माणसं. पाठलाग करत नाहीत. उभी असतात. आम्हीच फिरून त्यांच्याकडे येतो.

नंतर

परत पोत्यांपाशी. तेल संपत आलं.

ती आता बोलतात. एकच शब्द, हळू, सगळी मिळून. फॅन. फॅन दाओ. पेज द्या. मोठ्यानं नाही. दारोदार हाकललेल्या माणसांचा आवाज.

सुनीतीनं पुन्हा भात लावला आहे. मी विचारलं का. म्हणाली, कुणी दिलीच नसेल त्यांना. आई असती तर तिनं दिली असती.

मी तिला धरलं. धरलं होतं. माझ्या हातांत जोर नाही.

नंतर

ती पेजेचा डबा घेऊन लंगडत गेली. पहिल्या बाईच्या ओठांना तिनं डबा लावला. वाफ दिसत होती. पेज ओठांवरच गोठली. त्या बाईला गिळता येईना. तरी तिनं सुनीतीचा हात सोडला नाही. मग दुसरीनं धरला. मग म्हाताऱ्यानं. ओढत नव्हते. नुसते धरत होते, शेकत होते —

सुनीतीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "श्यामकांत, दिवा विझवू नका."

मी विझवला नाही. तेल संपलं.

अंधार

चाचपडत लिहितो आहे, ओळीवर ओळ जात असेल —

काडेपेटीत थोड्या काड्या. एक ओढली. सुनीती त्यांच्यात उभी. पहिल्या रांगेत. केस पांढरे. डोळे उघडे.

माझ्याकडे कुणी आलं नाही. पोतं पांघरून बसलो आहे. मी नको आहे का त्यांना? राघवन गेला तेव्हा शांत झाली होती. या वेळी नाही. सगळी दाराकडे —

अंधार

दाराशी तिचा आवाज.

गोड. घरी बोलायची तसा. बाबा, मी आहे. बाबा, थंडी वाजते. बाबा, दार उघडा.

तिला मी गोठलेलं पाहिलं. तीच बोलते आहे. पण मराठी स्वच्छ. एकही बंगाली वळण नाही. ही ती नव्हे —

पलीकडे कुणीतरी आहे. हुंदका. साहेब जिन्यावर बसून असतात वाटतं, इतके दिवस —

एक काडी ओढली. दारासमोर ती, तिच्यामागे राघवन, त्यांच्यामागे सगळी. भांडी पुढे धरलेली. ओळीत. शिस्तीत. रेशनच्या दुकानासमोर उभी असावीत तशी.

ओरडायला हवं. साहेब, उघडू नका. चार शब्दही नाहीत. घसा अजून शाबूत आहे, मघाशी खोकलो —

वर वस्ती. ट्राम. नावाडी. हमाल, ज्यांनी मला चहा पाजला —

आणि तो माणूस. श्रीखंड वाढणारा —

अडसर हलला. ठोकतो आहे. बर्फ फोडतो आहे. बेटा आलो, म्हणतो आहे, बेटा आलो —

मी तोंड उघडलं. मिटलं.

दार सरकलं. उजेडाची रेघ. पिवळी. गरम. त्याचा हात दिसतो आहे, तिच्याकडे पुढे केलेला —

अजून ओरडता येईल —

तिनं हात धर