राखेची रेघ

जेसल पार्क, भाईंदर पूर्व
८ जानेवारी २०२५

चि. पूर्वी,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. पुण्यात तू आणि साहिलही बरे असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवली नाहीस. माझा नंबर बंद केलास म्हणून हे पत्र. बाबांचे फोन मात्र तू उचलतेस. ते गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलतात आणि आत आले की म्हणतात, बँकेतून होता. बँकवाल्यांना "जेवलीस का" असं कुणी विचारत नाही, एवढं मलाही कळतं.

तुझी अट मी पाळते आहे. वर्षभर कुणाकडे तरी जाऊन बोल, मग बघू, असं तू म्हणालीस. काल मंगळवारी सिल्व्हर पार्कला जाऊन आले. आशाआत्याकडून तू नंबर पाठवलास तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. मीरा रोडला पावलोपावली समुपदेशनाच्या पाट्या आहेत, मग हीच बाई का? तुझ्या कॉलेजात होती का? साहिलच्या नात्यातली? मी तिला तोंडावर विचारलं. म्हणाली, "मी पूर्वीला ओळखत नाही. इंटरनेटवरून नंबर मिळाला असेल. आणि इथे बोललेलं इथेच राहतं." हे शेवटचं मी विचारलंच नव्हतं. न विचारता सांगितलेल्या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही.

संजना नाव तिचं. वय चाळिशीचं असेल. फरसाणच्या दुकानावरच्या दोन खोल्या, दोन खुर्च्या, कोपऱ्यात एक कुंडी. समोर कागद नाही, कॉम्प्युटर नाही. मग मी बोललेलं लक्षात कसं ठेवते? रेकॉर्डिंग चालू असणार म्हणून मी कुंडीच्या मागे वाकून बघितलं. काय शोधताय विचारलं तिने, तेव्हा सांगितलं की झाडाला पाणी कमी पडतंय.

गोळी नाही, व्यायाम नाही, श्वास मोजणं नाही. दर मंगळवारी यायचं आणि मनात येईल ते बोलायचं. मी गुडघ्याबद्दल बोलले, सोसायटीच्या टँकरबद्दल बोलले. ती ऐकत बसली आणि शेवटी म्हणाली, तुमच्या आईबद्दल सांगा. दुखतोय माझा गुडघा, आणि चौकशी माझ्या आईची. ही असली विद्या.

पुण्यात जे झालं ते तू उगाच ताणलंस असं मला अजून वाटतं. पण जाईन म्हटलंय तर जाईन.

तुझी काळजी करणारी,
आई


जेसल पार्क
१९ मार्च २०२५

चि. पूर्वी,

आशीर्वाद. पत्र मिळालं की नाही ते कळवलं नाहीस, पण परतही आलं नाही. म्हणजे तुझ्याकडेच आहे.

तुझ्या संजना मॅडमबद्दल माझा संशय वाढलाय. मागे ती दोन आठवडे सुट्टीवर गेली. कुठे जाते ते सांगितलं नाही. माणूस बाहेरगावी जातो तेव्हा कुठे जातो ते सांगतो ना? मी त्या मंगळवारी मुद्दाम जाऊन आले. खाली वॉचमन आहे, रामू. त्याला विचारलं, मॅडम सच में बाहर गयी क्या? म्हणाला, "हां आंटी, बच्चों के साथ गयी." तिला मुलं आहेत हे मला तिथे कळलं. दोन महिने मी माझ्या घरातलं सगळं ओकतेय, आणि तिला मुलं आहेत हे मला वॉचमनकडून कळतं. वाईट वाटलं मला. का वाटलं ते विचारू नकोस.

ती आल्यावर मी तिला हे ऐकवलं. वाटलं रागावेल. ती म्हणाली, मी दिसत नव्हते तेव्हा तुम्हाला काय काय वाटलं? मी म्हटलं, तुम्ही गेलाच नाहीत, मला टाळायला सुट्टी सांगितलीत असं वाटलं. मग ती म्हणाली, असं अजून कुणाबद्दल वाटतं? मी विषय बदलला.

साहिलच्या बॅगेच्या चेनला मी दोरा बांधला होता, तेही तिला सांगितलं. तुझ्या घरी राहायला आले होते, तो ऑफिसच्या कामाला म्हणून बाहेर जायचा, तिथे बॅग खरंच उघडतो का ते कळावं म्हणून. तुझ्याच भल्यासाठी. एवढासा पांढरा दोरा. त्याला तो दिसला, त्याने तुला दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला एसटीत बसवून दिलंस. आई, आता बास, एवढंच म्हणालीस. बसमध्ये चढताना मला हातही दिला नाहीस. मी मॅडमला म्हटलं, आमच्याकडे हे सगळेच करायचे, यात एवढं काय? तिने विचारलं, सगळे म्हणजे कोण?

तर तिला सांगावं लागलं. मुर्ध्याला आमचं मिठागर होतं हे तुला माहीत आहे. मिठाची रास पडली की माझी आई तिच्याभोवती राखेची रेघ ओढायची. रात्रीत कुणी पाटी भरून नेली तर रेघ मोडलेली दिसायची. माझे बाबा वारल्यावर काकांचा आणि आमचा वाटा शेजारी शेजारी होता, आणि आईचा कुणावरच विश्वास नव्हता. पुढे तिने घरातही तेच सुरू केलं. डाळीचा डबा वरून सपाट करून त्यावर बोटाने रेघ. मीही करते, तू लहानपणी हसायचीस त्याला.

आता एक सांगते, कुणाला बोलू नकोस. मी या बाईलाही रेघ ओढलीय. काल तिला एक धडधडीत खोटी गोष्ट सांगितली. सात वर्षांची असताना मला राशीपाशी बसवून सगळे विसरून गेले आणि मी रात्रभर मिठागरावर एकटी बसले, असं. असलं काही झालेलं नाही. आता ही गोष्ट बाबांच्या किंवा आशाच्या तोंडून परत आली की मी तिला पकडलंच.

वाट बघते आहे.

आई


जेसल पार्क
२५ जून २०२५

चि. पूर्वी,

आशीर्वाद. गुडघा बरा आहे. बाबांना सर्दी झाली होती, गेली.

ती खोटी गोष्ट कुठूनच परत आली नाही. मी आशाला आडून आडून विचारलं, बाबांना विचारलं. कुणाला काही माहीत नाही. तिने कुणाला सांगितलं नाही म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. उलट मला राग आला. आणि ती बाई दर दोन-तीन आठवड्यांनी त्याच गोष्टीकडे वळायची. त्या रात्री थंडी होती का? कुणाची वाट बघत होतात? मी उत्तरं बनवत गेले. एकदा बनवता बनवता मला रडू फुटलं. खोट्या गोष्टीवर रडणारी बाई तू कधी पाहिली नसशील. मीही नव्हती पाहिली.

मग मी सांगून टाकलं की हे खोटं आहे, मी तुम्हाला तपासत होते. आता ही मला हाकलणार, अशी माझी खात्री होती. मनातून मला तेच हवं होतं बहुतेक, म्हणजे तुला कळवता आलं असतं की बघ, तुझी डॉक्टर कशी निघाली.

ती म्हणाली, "पुष्पलताताई, खोटंच सांगायचं होतं तर काहीही सांगता आलं असतं. नेमकं हेच कसं सुचलं?"

घरी येऊन रागाने दोन दिवस कपाटं आवरत बसले. पुढच्या मंगळवारी जाणारच नव्हते. शेअर रिक्षात बसले तेव्हाही ठरलं नव्हतं की उतरायचं कुठे.

खरं काय होतं ते सांगते. मला कुणी कधी विसरलं नाही. शाळा सुटली की आई मला राशीपाशी बसवायची, काकांच्या माणसांवर लक्ष ठेवायला. ऊन उतरलं की न चुकता न्यायला यायची. बांधावरून येताना दिसली की मी उभी राहायचे. ती यायची, आधी राशीभोवती पूर्ण चक्कर मारायची, वाकून रेघ बघायची. मग माझ्याकडे बघायची. आणि विचारायची, "कोन आलता? हात लावला न्हाय ना कोनी?" मी काही पाहिलं असेल तर सांगायचे आणि ती माझा हात धरायची. नसेल पाहिलं तर आम्ही पुढे-मागे चालत घरी यायचो. म्हणून काही दिवस मी बघितलेलं नसतानाही बघितलं म्हणायचे. हात मिळायचा.

हे मी मॅडमला सांगत होते आणि मला ऐकू येत होतं मी काय बोलतेय ते. आई वाईट नव्हती, पूर्वी. एकटी बाई होती आणि घाबरलेली होती. पण आधी रास होती, मग मी होते. रोज. हे मला इतक्या वर्षांत कधी टोचलंही नव्हतं, आणि त्या खोट्या गोष्टीत मात्र मी मिठागरावर रात्रभर एकटी बसून होते.

तू क्लासहून यायचीस तेव्हा मी दारातच तुझी बॅग हातात घ्यायचे. तुला वाटायचं ओझं घेते. मी आत नेऊन उघडून बघायचे. तू काय घातलंय, चेहरा कसा आहे, रडून आलीस की हसून, हे नंतर. दहावीत तुझं त्या मैत्रिणीशी, चांदणीशी, बोलणं बंद झालं होतं तेव्हा तू महिनाभर नीट जेवत नव्हतीस. ते मला बॅगेतल्या चिठ्ठीवरून कळलं, तुझ्याकडे बघून नाही.

मला वाटायचं लक्ष ठेवणं म्हणजेच माया. दुसरी कुठली मला कुणी शिकवली नाही. हे मी तुला माफी मिळावी म्हणून लिहीत नाही. लिहितेय कारण आता कळलंय आणि कळल्यावर काय करायचं ते अजून कळलेलं नाही. मॅडम काही सांगत नाही. तिला विचारलं तर म्हणते, बघूया. पैसे घेऊन बघूया म्हणते.

परवा बाबांनी माझ्या कपाटातून दोन जुन्या, मऊ झालेल्या सुती साड्या काढून पिशवीत घातल्या आणि आशाकडे नेऊन दिल्या. मी स्वयंपाकघरातून पाहिलं. विचारलं नाही.

आई


जेसल पार्क
८ ऑक्टोबर २०२५

चि. पूर्वी,

आशीर्वाद तर आहेतच.

मॅडमवर माझा अजून पुरता भरवसा नाही, हे आधी सांगते. मी तिला तसं सांगते आणि ती ऐकून घेते. आधी मला हे तिचं नाटक वाटायचं. आता वाटतं, नाटक असतं तर एव्हाना दमली असती.

दसऱ्यानंतर आशा आली होती. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, बाबा आंघोळीला गेले. तशी ती खुर्ची ओढून जवळ आली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता काय निघणार. जुन्या सुती साड्या कशाला लागतात हे न कळायला मी काय आज जन्मले? मला जूनपासून माहीत आहे, पूर्वी. आधीच्या पत्रात ते लिहायचं धाडस झालं नाही. लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, हिने पुन्हा काहीतरी उघडून पाहिलं.

आशा म्हणाली, "वहिनी, तारीख सांगू? हॉस्पिटलपण माहितीये मला. पूर्वीला नाही कळणार, शप्पथ."

माझ्या तोंडाला पाणी सुटावं तसं झालं. एवढी वर्षं मी ज्याच्यासाठी डबे, चेना, बॅगा बघत आले ते समोर ताटात वाढून आलं होतं. मी पदर मुठीत धरला आणि म्हटलं, "नको सांगूस आशा. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल."

आशाने माझ्याकडे असं बघितलं की मला ताप तर नाही ना. मग ती गेली. मोठेपणा सांगत नाहीये, कारण पुढचंही ऐक. ती गेल्यावर बाबांचा फोन टेबलावर होता. त्याच्या लॉकचा नंबर मला येतो. मी उचलला. हातात धरून उभी राहिले, आतून नळाचा आवाज येत होता. वाटलं, आता चोर मीच. मग ठेवला आणि खुर्चीत बसून हमसून हमसून रडले. बाबा बाहेर आले तर त्यांना वाटलं कुणी गेलं.

काल मॅडमने विचारलं, फोन ठेवला तेव्हा काय वाटलं? मी म्हटलं, भीती. माझी नजर हटली तर माणूस निघून जाईल, अशी. ती म्हणाली, आणि नजर ठेवली तेव्हा? मी म्हटलं, पूर्वी गेलीच ना. बराच वेळ तशाच बसलो दोघी, आणि मला ते जड गेलं नाही.

मी बदलले असं मी म्हणणार नाही. डाळीच्या डब्यावर अजून बोट जातं. फोन अजून दिसतो. फक्त हात पुढे गेला की आता मला कळतं हात पुढे गेलाय, आणि कुणाला शोधायला गेलाय. आधी हे कळतच नव्हतं. तेवढ्या जागेत माणूस थांबू शकतो, असं दिसतंय.

साहिलला मी दुखावलं. तो मला आई म्हणायचा. त्याची माफी तुझ्यामार्फत मागणार नाही, त्याला भेटावंसं वाटेल तेव्हा समोर बसून मागेन.

वर्ष अजून भरलेलं नाही. भरलं म्हणून मी दारात येऊन उभी राहीन असं समजू नकोस. भरल्यानंतरही मंगळवारी जाणार आहे, ते आता तुझ्या अटीसाठी नाही. तू बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर मला फार वाईट वाटेल, आणि ते मी इथेच, माझ्या घरी, सोसेन. कुणाकडून चौकशी करणार नाही.

तू नीट जेव. पाय वर घेऊन बस. कधी, कुठे, मुलगा की मुलगी, कुणासारखं, हे तू सांगशील त्या दिवशी मला कळेल. तोपर्यंत,

तुझी,
काहीही माहीत नसलेली
आई