न पाहिलेली पाठ

प्रिय बुटके,

“हात लावून बघितल्याशिवाय औषध लिहू नकोस गं,” असं तुझी आई म्हणाली होती, मी डॉक्टरकी शिकायला निघाले तेव्हा. त्यावर तू म्हणालीस, हिला आधी स्वतःच्या डोक्यातल्या उवा तर सापडू देत. तुझा धाकटा भाऊ माझी ट्रंक उचलून पुढे चालायलाही लागला होता. जवळजवळ त्याच्याएवढीच होती ती.

परवा तुझ्या दारावरून दोनदा परत फिरले. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. तू पुन्हा कामाला लागलीस याचं बरं वाटलं, पण बेलपर्यंत हात गेला नाही.

पोलीस पकडलेल्या माणसांना तपासणीला आमच्या दवाखान्यात आणतात. रांग मोठी आणि मी एकटी, म्हणून सकाळीच वीसेक फॉर्मवर ‘अंगावर जखम नाही’ लिहून सही करून ठेवायची. मग नुसतं नाव भरायचं. त्या मंगळवारी तुझ्या भावाला आणलं. ज्या दुकानात तो फ्रिज दुरुस्त करायला गेला, तिथल्या चोरीचा आळ त्याच्यावर होता. बाक रिकामा असूनही तो भिंतीला खांदा लावून उभा होता. “ताई, जरा सदरा वर करून बघ ना,” एवढंच म्हणाला. हवालदार म्हणाला, नाटकं आहेत मॅडम, सकाळी माझ्यापेक्षा जास्त खाल्लंय यानं. मी हसले, बुटके. नाव भरलं आणि कागद दिला. दोन दिवसांनी कोठडीतच त्याचा जीव गेला.

आता पोलीस म्हणतात, तो पाय घसरून पडला. मारलं असतं तर डॉक्टरांच्या कागदावर आलं नसतं का? त्या कागदावरची सही कुणाची, ते तू वाचलंच असशील. मी त्याला तपासलंच नव्हतं, हे मात्र तुला कुणी सांगितलेलं नाही.

येत्या गुरुवारी सकाळी चौकशीत माझा जबाब आहे. आमचे मोठे डॉक्टर म्हणतात, तपासलं होतं एवढंच सांगा, नोकरी राहील. मी खरं सांगायचं ठरवलंय. पण ठरवणारी मीच ना, त्या दिवशी हसलेली. म्हणून मागते, तू समोर येऊन बस. तू बघत असलीस तर मला शब्द फिरवता येणार नाही. तू येणार नाहीस, आणि का यावंस? नाही आलीस तरी मी खरंच बोलेन, असं इथे लिहायला हवं होतं. तेवढी खात्री मला माझी नाही. ये.

अजूनही तुझीच म्हणवणारी,
लांबडी