‘आणि पार्टी’तली दीपमाला

व्हय वकीलसाहेब, शुद्धीत हाय मी. सकाळच्याला दोन भाकरी खाल्ल्या, आज सोमवार हाय हे ठाऊक हाय, आन् तुमच्या शर्टाचं वरनं दुसरं बटण तुटलंय ते बी दिसतंय. आता कागद इकडं द्या, मीच लिहिती. तुमचा कारकून माजं बोलणं इस्त्री करून लिवतो. चौथीपत्तुर शाळा झालीय माजी, तेवढी बास हाय.

मी, भामाबाई आण्णा लोंढे, वय वर्सं सदुसष्ट, राहणार उंब्रज, तालुका कराड, जिल्हा सातारा, माज्या मागारी माजं काय कुणाला जावं ते माज्या राजीखुशीनं लिहून ठेवती. कुणी दमदाटी केलेली न्हाई. केली आसती तरी मी ऐकलं नसतं. चार वर्सांमागं, मालक गेल्यावर, एक मृत्युपत्र केलं व्हतं. त्यात सगळंच्या सगळं पोराला, राजरत्नला दिलं व्हतं. ते आजपासनं रद्द.

का रद्द, ते सांगायला थोडं मागनं यावं लागंल.

माजे मालक आण्णा पेटी वाजवायचे आन् भीमगीतं म्हणायचे. जयंती म्हणू नका, लग्न म्हणू नका, गावोगाव बोलावणं यायचं. फलकावर नाव आसायचं ‘आण्णा लोंढे आणि पार्टी’. टपाल आमच्याच घरी यायचं. आण्णांना अक्षर लागत नव्हतं, म्हणून ते मी वाचायची. ह्या ‘आणि पार्टी’त आमच्या गल्लीतली दीपमाला व्हती. मागं बसायची आन् झील धरायची. म्हंजी आण्णांनी ओळ म्हटली की तीच ओळ पाठीमागनं म्हणायची. पार्टीच्या चार कॅसेटी निघाल्या. चारींवर आण्णांचा फोटो, फेट्यासकट. दीपमालेचं नाव शोधायला भिंग घेतलं तरी सापडायचं न्हाई.

१९७९ च्या जयंतीला सांगलीत आण्णांचा घसा बसला. कडवं निम्म्यावर आलं आन् आवाजच फुटंना. तवा मागनं दीपमालेनं ते कडवं एकटीनं म्हटलं. एकच. हळदीचे व्यापारी, हमाल, पोरंबाळं, सगळी माना उंच करून बघाय लागली, कोण म्हणतंय म्हणून. तवापासनं मी तिची. म्हसवड, कराड, सांगली, कुठला कार्यक्रम चुकवला न्हाई. लोक आण्णांच्या तोंडाकडं बघायचे, मी तिच्या.

“अगं, नवरा इकडं बसलाय,” आण्णा म्हणायचे.

“नवरा घरी बी दिसतोय की,” मी म्हणायची.

आता ह्या वर्सी दीपमालेनं पार्टी सोडली आन् जयंतीला स्वतःची कॅसेट काढली. वर तिचा एकटीचा फोटो, निळी साडी, आन् ठळक अक्षरात ‘गायिका : दीपमाला’. वयाच्या चाळिशीत पहिली कॅसेट. राजरत्न आता बापाची पार्टी चालवतो. त्यानं आकाशपाताळ एक केलं.

“आये, तिनं पार्टी फोडली.”

“फोडली न्हाई रं. दार उघडून गेली. तू घोरत व्हतास.”

“बाबांनी तिला हाताला धरून शिकवलं.”

“शिकवलं खरं. आन् मागं बसवलं बी त्यांनीच.”

महिना झाला, माज्याशी नीट बोलत न्हाई. तिची कॅसेट लावली की उठून जातो. बरं हाय, माजा आवाज वाढवायचा तरास वाचतो.

आता ती कॅसेट कशी हाय, हे बी लिहिती, कारण अठरा वर्सं ऐकणाऱ्या माणसाचा तेवढा हक्क हाय. पहिलं गाणं बिघडलंय. त्या क्यासिओवाल्यानं इतकं टुणटुण केलंय की लग्नाची वरात वाटती. पर खरी गोष्ट येगळीच. प्रत्येक ओळीच्या आधी ती थांबती. वाजवणारे पुढं जातात, आन् ही थांबलेली. मी चारदा लावून ऐकलं, मग कळलं. ती आण्णांची वाट बघती. पुढच्यानं म्हणायचं आन् मग आपण, ही सवय. आण्णा जाऊन चार वर्सं झाली तरी तिच्या गळ्यात ते अजून पुढं बसल्यात. मला रडू आलं आन् राग बी आला. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात मात्र ती थांबत न्हाई. दुसरं कडवं सुरू झालं की वाजवणाऱ्यांनाच तिच्या मागनं पळावं लागतंय. ते गाणं ज्यानं ऐकलं न्हाई त्यानं माज्याशी गाण्यावर वाद घालू नये.

आता वाटण्या.

एक. घर. मागची खोली, सैपाकघर आन् परड्यातलं लिंबाचं झाड राजरत्नला. रस्त्याकडची पुढची खोली दीपमालेला, तालमीसाठी. तिच्या हयातभर. खोलीला रस्त्याकडनं दार हाय, म्हणून तिला कुणाच्या कपाळावरच्या आठ्या ओलांडाव्या लागणार न्हाईत.

दोन. पेटी दीपमालेला. राजरत्न म्हणंल, बाबांची पेटी. व्हय, बाबांची. पर तिचा भाता तीनदा फाटला आन् तिन्ही बारीला कराडला डोक्यावरनं नेऊन मी बदलून आणला. मधली एक पट्टी अडकती, ती खालनं बोटानं उचलायची. दीपमालेला ठाऊक हाय, राजरत्नला न्हाई. ह्यावरनंच पेटी कुणाची ते ठरतंय.

तीन. ढोलकी, माईक, दोन्ही भोंगे आन् ‘आण्णा लोंढे आणि पार्टी’ हा फलक राजरत्नला. फलक पुसू नको, बाळा. फक्त ‘आणि पार्टी’च्या खाली आता जी माणसं मागं बसत्यात त्यांची नावं लिही. जागा पुरत नसंल तर आण्णांचं नाव बारीक कर. ते काय म्हणायचे न्हाईत आता.

चार. पोस्टातलं सगळं नातीच्या शाळंला.

पाच. सून स्वप्नाला तांब्याचा हंडा आन् माज्या दोन नव्या साड्या. माज्यावर कुरकुर करायची तिनं थांबवू नये. जिथं जाईन तिथं मला तेवढ्याशिवाय करमायचं न्हाई.

सहा. शेजारच्या लीलाबाईला माजा खलबत्ता. तो आठ वर्सं तिच्याकडंच हाय, आता तिचा म्हणून जाहीर करती. तिला साक्षीदार करायची व्हती, पर जिला काय द्यायचं तिची सही चालत न्हाई म्हणत्यात. एका खलबत्त्यापायी सहीचा मान गेला बघ, लीले.

सात. मी गेल्यावर वंदना नीट घ्यावी. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पार्टीचं गाणं लावायचं न्हाई. दीपमालेच्या कॅसेटीतलं दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं लावायचं, आन् टेपचं बटण राजरत्ननं स्वतःच्या हातानं दाबायचं. मग उठून जायचं न्हाई. बसायचं.

हे मृत्युपत्र राजरत्न आन् दीपमाला, दोघांना एकत्र बसवून मोठ्यानं वाचावं.

साक्षीदारांच्या समोर मी सही केली, माज्या समोर त्यांनी केली.

भामाबाई आण्णा लोंढे
साक्षीदार : १. सयाजी (गल्लीतले, माज्या ओळखीचे) २. बिराप्पा (मंडपवाले)
ठिकाण : उंब्रज. तारीख : १९ मे १९९७

थांबा वकीलसाहेब, टोपण लावू नका. आणखी एक हाय. हे लिहून खाली परत सही करती, साक्षीदारांनी बी परत करावी.

कॅसेट आली तवा दीपमाला पहिली माज्याकडं घेऊन आली. पाया पडली. म्हटली, “काकी, इतकी वर्सं मला कुणी बोलावलंच न्हाई. तवा माज्या आवाजात काय नसंलच.” मी चहा टाकला आन् हसून विषय बदलला.

दीपमाला, ऐक. सांगलीच्या त्या कडव्यानंतर मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस तुला भेटला व्हता. तुज्या घरी वाचणारं कुणी न्हाई म्हणून तू आमचा पत्ता दिलास. महिनाभर रोज दारात येऊन इचारायचीस, “काकी, टपाल आलं का?” मी रोज न्हाई म्हटलं.

आलं व्हतं. बाराव्या दिवशीच आलं व्हतं. तुला एकटीला बोलावलं व्हतं, येण्याजाण्याच्या भाड्यासकट. आण्णांना मी सांगितलं न्हाई, त्यांच्यावर बोल लावू नको. पार्टी मोडंल म्हणून बी न्हाई. तू मुंबईला गेलीस तर मला तू ऐकायला मिळायची न्हाईस, म्हणून मी ते पत्र दोनदा वाचलं आन् चुलीत घातलं.

भामाबाई आण्णा लोंढे