विमान कुठे उभं आहे

२ मार्च
संकल्प: आजपासून मूर्खांवर चिडायचं नाही. सकाळी नऊपर्यंत पाळला.
नऊला नवी को-पायलट भेटली. नाव आहे काहीतरी. मी यादीबाई ठेवलंय. चेकलिस्टची ओळ न् ओळ मोठ्याने वाचते आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सरकत नाही. जणू मी वर्गात उभा केलेला ढ मुलगा. म्हणालो, ही यादी मला झोपेत पाठ आहे. ती म्हणाली, हो सर, पण आत्ता आपण जागे आहोत.
उद्धट.

४ मार्च
मे महिन्यात ट्रेनिंग हेडची जागा रिकामी होतेय. माझ्याशिवाय आहे कोण? एकाला धड ऐकू येत नाही, दुसरा सदान्‌कदा मोठ्या साहेबांच्या पुढेपुढे करतो. मीही केलं असतं, पण स्वाभिमान आड येतो. (तरी उद्या सहज त्यांच्या केबिनवरून जावं.)
संध्याकाळी मेव्हणीच्या नव्या घरी गेलो. बायको फोनवर नकाशा लावत होती, बंद करायला लावला. आयुष्यभर आकाशात रस्ता शोधणाऱ्याला आता फोनमधली बाई 'डावीकडे वळा' म्हणून शिकवणार? पोहोचलो तेव्हा सगळ्यांची जेवणं उरकली होती. या नव्या वस्त्यांमध्ये पाट्याच नीट लावत नाहीत.

५ मार्च
साहेब केबिनमध्ये नव्हते. चिडलो नाही. थोडा चिडलो.

६ मार्च, दुपार
आज मी एक विमान वाचवलं.
सविस्तर लिहितो, कारण बाकीचे आपापल्या अकलेप्रमाणे सांगतील.
गेटवर असताना विमानाच्या यंत्रणेला सांगावं लागतं, की बाई गं, तू आत्ता इथे उभी आहेस. अक्षांश, रेखांश, अंश, मिनिटं. एवढी महागडी वस्तू आणि स्वतः कुठे आहे त्याचा पत्ता नाही. नियम असा, की एकाने आकडे टाकायचे आणि दुसऱ्याने गेटच्या पाटीवरच्या आकड्यांशी ताडून बघायचे. यादीबाई पावसात विमानाभोवती चक्कर मारायला गेली होती. मी आकडे टाकले. ताडून बघण्यासारखं काही नव्हतं, कारण ते मी टाकले होते.
ती ओली होऊन परत आली आणि म्हणाली, बघू का? म्हणालो, झालंय. तेवढ्यात स्क्रीनवर पिवळी ओळ उमटली: जागा जुळत नाही. पुसली. पुन्हा आली. पुन्हा पुसली. ती म्हणाली, सर, ही ओळ उगाच येत नाही. म्हणालो, विमानं उशिरा सुटतात ती असल्या शंकेखोरांमुळे. गप्प बसली. मला वाटलं, आता शिकतेय.
उडालो. लगेच ढग. ऑटोपायलट लावला, विमान डावीकडे वळलं. टॉवरवाला म्हणाला, तुम्ही चुकीच्या बाजूला जाताय. टॉवरमध्ये हल्ली कुणालाही बसवतात. माझ्या पुढ्यातल्या नकाशावर आम्ही बरोब्बर रेषेवर होतो. तसं त्याला ऐकवलंसुद्धा. तोच ढग फाटला आणि समोर शेजारच्या धावपट्टीवरून उठलेलं दुसरं विमान. इतकं जवळ, की खिडक्यांतली तोंडं दिसली.
मग मी सूत्रं हाती घेतली. शांतपणे. ठामपणे. नेमकं काय केलं ते आत्ता आठवत नाही. कसलेल्या माणसाचे हात अशा वेळी आपोआप चालतात. टॉवरने दिशा सांगितल्या, आम्ही वळलो, परत येऊन उतरलो.
उतरल्यावर कोट घालून बसलो. एसी फार होता.
प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी यादीबाईचा हात धरून रडत बसली. लोकांना आभार कुणाचे मानायचे तेही कळत नाही.

८ मार्च
माझी उड्डाणं तूर्त थांबवलीत. 'विश्रांती घ्या' म्हणाले. कौतुकाच्या आधी अशी पद्धत असावी. यादीबाईलाही विश्रांती दिलीय. तिला कशाबद्दल?

१० मार्च
इंजिनिअरांनी यंत्रणा तपासली. ठणठणीत. म्हणे रेखांशाची मिनिटं चुकली. पाटीवर ३४, मी टाकले ४३. त्यामुळे विमान समजत होतं, आपण शहराबाहेर कुठेतरी उभे आहोत, आणि नकाशावर सगळंच तेवढं सरकलेलं.
यात माझी चूक काय? मी आकडे मनात मराठीत वाचतो. चौतीस: आधी चार, मग तीस. जसं म्हणालो तसं टाकलं. पूर्वजांनी आकडे उलटे ठेवले, त्याची झाडाझडती माझ्याकडून कशाला?
शिवाय तपासायची जबाबदारी यादीबाईची. तिने दोनदा विचारलं होतं म्हणे. दोनदा विचारणं म्हणजे काय विचारणं झालं? ठणकावून सांगायला हवं होतं. (ठणकावलं असतं तर तिला खाली उतरवली असती, पण तो मुद्दा वेगळा.)

१३ मार्च
बायकोला सगळं समजावून सांगितलं. आकड्यांचा भाग दोनदा. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या मुलीच्या घरी कोण कोण असतं? म्हणालो, मला काय ठाऊक? ती म्हणाली, तिच्या आईच्या कानावर गेलंच असेल.
मग उठून भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.
या घरात मुद्द्याला धरून कुणी बोलेल तर शपथ.

१६ मार्च
चौकशी गुरुवारी. भाषण तयार. आधी यंत्रणेतल्या त्रुटी, मग टॉवर, मग नव्या पिढीची तयारी. शेवटी यादीबाईला सगळ्यांसमक्ष माफ करायचं. मोठेपणा दिसतो. ट्रेनिंग हेडला तो लागतोच.
आरशासमोर म्हणून पाहिलं. माफीच्या वाक्याला आवाज फार छान लागतो.

१९ मार्च, गुरुवार
मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये चौकशीवाले. यादीबाई भिंतीशी. मी भाषण काढलं. साहेब म्हणाले, आधी कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग ऐकू. म्हणालो, जरूर.
इंजिनचा घरघराट. टॉवरवाला ओरडतोय. मग यादीबाई, अगदी थंडपणे: "सर, हात काढा. विमान माझ्याकडे."
पुढे सगळं तीच बोलत होती. दिशा, उंची, वेग. मधूनमधून दुसरंच कुणीतरी बारीक आवाजात विचारत होतं, "काय झालं? काय झालं गं?"
मी विचारलं, हा कोण? आम्ही दोघं असताना कॉकपिटमध्ये तिसऱ्याला कुणी घेतलं?
 यादीबाई खाली बघत होती. शेवटी साहेब म्हणाले, "तुम्हीच आहात."
मी म्हणालो, रेकॉर्डिंग खराब आहे. त्यापुढचं तर काहीच कळत नाही.
साहेब म्हणाले, "तिथे तुम्ही रडताय."
भाषण घडी करून खिशात ठेवलं.
खाली येऊन गाडीत बसलो. किल्ली लागेना. बायकोला फोन केला. ती टॅक्सीने आली, मला बाजूच्या सीटवर सरकवलं आणि गाडी घरी आणली.