हिरव्या लोकरीचं पिल्लू

दादा,

सोनीला आणि तिच्या आजारी पिल्लाला घेऊन मी कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे जाते आहे. उरलेल्या चौघांना दहा वाजता भिजवलेलं खाणं दे. पाण्याचं भांडं उथळच ठेव.

सकाळी वजनं करताना पाहिलं, तर ओळखीसाठी बांधलेली हिरवी लोकर लाल लोकरीवाल्याच्या गळ्यात आणि लाल हिरव्याच्या. कशी, ते विचारत नाही. पण ज्या हिरव्याच्या छातीत परवा डॉक्टरांना खरखर ऐकू आली, त्याचं मागच्या पायाचं एक बोट पांढरं आहे. मला ते लोकरीशिवायही ओळखू येतं. आणि तुझी गाठ नेहमी सैल असते.

अकराला शिक्षिकाबाई लाल लोकरीचं पिल्लू न्यायला येतील. खरं लाल परत लाल केलंय, तेच दे. भावंडाच्या छातीचंही सांग. ऐकून नको म्हणाल्या तर जाऊ दे.

मागच्या वेतातही एक असंच छातीच्या दुखण्याने गेलं, तेव्हा आपण दोघांनी डोळेझाक केली. तू एकट्याने नाही, मीही. म्हणून आज सोनीचं ऑपरेशन करून आणते. यापुढे तिला पिल्लं नकोत. तुला घर डोक्यावर घ्यायचं असेल तर मी आल्यावर घे, तोवर सोनीची गादी उन्हात टाक.

आजारी पिल्लू विकायचं नाही, ते आपल्याकडेच राहील. त्याची लोकर मी काढून टाकली आहे. विकायच्या पिल्लांना आपण नाव देत नाही, पण याला आता लागेल. संध्याकाळपर्यंत तूच शोधून ठेव.

– ताई