स्लॅबवरची शिडी

मंगळवार, देवणी

आज शिडी काढायला लावली. वसतिगृहाचा स्लॅब परवा टाकला, तो पक्का व्हावा म्हणून त्यावर सिमेंटची आळी करून पाणी भरून ठेवलंय. गावात नळाला पाणी नाही. साइटवर एकच टँकर येतो आणि माझ्या नियोजनात तो स्लॅबचा आहे. मजुरांच्या पाण्याचं मुकादमानं बघायचं. तो बघत नाही, तर मी काय करू?

संध्याकाळी मजुरांतली गंगाबाई स्लॅबवरून घागर भरून उतरताना सापडली. म्हणाली, "सायेब, लेकराला लई ताप हाय. सिमिटाचं पानी हाय, पर गाळून घेते की."

"परत ओत वर," मी म्हणालो.

ती गेली, ओतून आली. भांडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडता आलं असतं. मग वॉचमनकडून शिडी माझ्या खोलीत आणून ठेवली.

स्लॅबला तडा गेला तर मला विचारतील. लेकराचं मला कोण विचारणार? बरोबरच केलं ना?

शिडी दाराशी आडवी पडलीय, अजून ओली आहे. सकाळी लवकर परत स्लॅबला लावायला हवी. स्लॅबवर पाणी मारायला गंगाबाईच असते.